जिभेखालचे दाणे

मरीआईच्या नावानं सोडलेलं डुक्कर ते. त्याला कोण हाड म्हणणार?

डाव्या कानाला चीर, कपाळावर कुंकवाची वाळून खपली झालेली, पाठीवरचे केस केरसुणीच्या काड्यांसारखे ताठ. शेळगावाबाहेर कालव्याच्या फाट्याला लागून कैकाड्यांची खोपटी होती. तिथनं ते उजाडता उजाडता निघायचं आणि बांधाआडच्या हगणदारीत दिवसभर तोंड घालून फिरायचं. दुसऱ्या कुणाचं डुक्कर रानात शिरलं की शेतकरी धोंडा घालायचे. ह्याचा चिरलेला कान दिसला की हातातला धोंडा हातातच राहायचा.

ते सोडलं होतं ठमाबाईनं. तिचा एकुलता एक पोरगा सोपान पहिल्यांदा फेपरं येऊन पडला, डोळे पांढरे केले, तोंडातनं फेस आला, तेव्हा म्हातारीनं मरीआईच्या ओट्यावर कपाळ आपटून घेतलं होतं. पोराचं फेपरं जाऊ दे, दोन वर्षांनी चैताच्या जत्रेला डुकराचा मान देईन. आणि एकदा सोडलेल्या डुकराला दावं लावायचं नाही, कोंडायचं नाही, शिवी द्यायची नाही. ते खाईल ते देवीनं खाल्लं, असं समजायचं.

फेपरं काही गेलं नाही. पण नवस फिटल्याशिवाय कसं जाईल, असं ठमाबाई म्हणायची, आणि सोपानची बायको सारजा ह्यावर गप बसायची. तोंडानं गप. डोळे तिचे कधीच गप बसत नसत, आणि रागही लांब नसायचा. पाटी विणायला निरगुडीची फोक सोलताना साल नीट सुटली नाही तरी ती फोक गुडघ्यावर कडाकडा मोडून फेकायची आणि मग स्वतःच उठून ती उचलून आणायची.

दिवाळी उलटली, थंडी पडायला लागली. मोहनराव शेळगावचे बागाईतदार. त्यांची वांगी-टमाटी वालचंदनगरच्या बाजारात जायची, आणि त्या मालाला लागणाऱ्या पाट्या सोपान-सारजा विणून द्यायची. पाट्या बांधावर ठेवायच्या, मागं सरायचं, मग मालकाच्या गड्यानं उचलायच्या, अशी रीत. त्या सकाळी डोक्यावर पाट्यांची उतरंड घेऊन सोपान बांधावर चढला आणि तसाच मागं कलंडला. पाट्या गडगडत पाटात गेल्या. तो वांग्याच्या सरीत पडला, टाचा घासायला लागला, दोन-चार झाडं मुळासकट उपटली गेली.

गडी लांब सरकले. एकानं चप्पल हुंगवायला सांगितली आणि स्वतःच्या पायातली मात्र काढली नाही. सारजानं सोपानला कुशीवर केलं, पदरानं तोंडातला फेस टिपला आणि त्याचं डोकं मांडीवर धरून बसली. अंग थरथरायचं थांबलं तेव्हा त्याचं धोतर ओलं झालेलं होतं. तिनं पाटी उचलली आणि त्याच्या कमरेवर पालथी घातली, म्हणजे कुणाला दिसायला नको.

मोहनराव बांधावर उभे होते. माणूस वाईट नव्हता, पण भितरा. ह्याला परत रानात आणू नकोस म्हणाले. पाट आहे, विहीर आहे, कुठं बुडाला तर बोल आपल्यावर.

"न्हाय आणत," सारजा म्हणाली. "पर तुमची गाडी बाजाराला निघालीया. तिच्यात ह्येंला घाला. दवाखान्यात नेती."

मोहनरावांनी गाडीकडं बघितलं, वांग्यांकडं बघितलं, आणि मालाला टेकायचं नाही ह्या बोलीवर मागल्या बाजूला बसायला सांगितलं. तशी ती दोघं पाय खाली सोडून, पाठीला पाट्यांचा स्पर्श होणार नाही असं पुढं वाकून, वालचंदनगरपर्यंत गेली. रस्त्यानं सोपान एकदाच बोलला. पाटात गेलेल्या पाट्या काढल्या का, असं त्यानं विचारलं.

बाजाराच्या कडेला एक डॉक्टर बसायचा. पलटणीत नोकरी करून आलेला, मिशी कापलेली, बोलायला तुटक. त्यानं सोपानचं कुडतं काढायला लावलं आणि दोन्ही दंडांवरनं बोटं फिरवत आला. उजव्या दंडाच्या आतल्या अंगाला बोट थांबलं. कातडीखाली एक गाठ होती, ज्वारीच्या दाण्यापेक्षा जराशी मोठी, दाबली की सरकणारी. सारजाला ती ठाऊक होती. थंडीत त्याला तेल लावताना तिच्या अंगठ्याखाली ती कितीदा आली-गेली होती. छातीवर अजून एक होती, पाठीवर एक.

डुक्कर खाता का, डॉक्टरनं विचारलं. नाक न मुरडता विचारलं म्हणून तिनं सरळ सांगितलं, खातो. मग त्यानं ह्या असल्या गाठी पलटणीतल्या शिपायांच्या अंगावर बघितल्याचं सांगितलं, आणि खुर्ची पुढं ओढून तिला सगळं फोड करून समजावलं. सारजानं ते असं ऐकलं, की पुढं कुणीही झोपेतनं उठवून विचारलं असतं तरी तिनं जसंच्या तसं सांगितलं असतं.

माणसाच्या आतड्यात एक जंत राहतो. नाडीसारखा चपटा, हातभर नाही, काही हात लांब. त्याचे पांढरे तुकडे परसाकडच्या वाटेनं पडत राहतात, त्यात अंडी असतात. डुक्कर ती घाण खातं. अंडी डुकराच्या पोटात फुटतात आणि त्याच्या मासात जागोजाग दाणे धरतात, साबुदाणा भिजवल्यासारखे. ते मास माणसानं कच्चंपक्कं खाल्लं, की दाण्याचा परत जंत होतो, परत माणसाच्या आतड्यात. हा झाला एक फेरा. पण दुसरी वाट ह्याहून वाईट. ज्याच्या पोटात जंत आहे, त्याच्या नखातनं, हातातनं, पाण्यातनं तीच अंडी जर माणसाच्या तोंडात गेली, तर माणसाचंच डुक्कर होतं. दाणे माणसाच्या मासात धरतात. दंडात धरले तर गाठ. डोक्यात धरले तर फेपरं.

"म्हंजी ह्येंच्या डोस्क्यात..."

"असणार."

"निघत्यात का?"

डॉक्टरनं मान हलवली. डोक्यातले दाणे काढता येत नाहीत, पण झटका दाबून धरता येतो. रोज सकाळी एक गोळी, एकही दिवस चुकवायची नाही. घरात कुणाच्या पोटात जंत आहे ते शोधून काढ, त्याला इथं आण, त्याच्यावर औषध आहे. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला आधी विचार.

सारजा दारातनं परत फिरली. जे डुक्कर खातच नाहीत, त्यांना तर काही होत नसेल ना?

डॉक्टर म्हणाला, जंत होत नाही, पण डोक्यात दाणे होऊ शकतात. हगणदारीच्या पाण्यावर वाढलेली कोथिंबीर न धुता खाल्ली तरी पुरे.

येताना गाडी रिकामी होती, तरी ती मागंच बसली. बांधाआड मोहनरावांची मेथी-कोथिंबीर हिरवीगार उभी होती आणि तिच्या वरल्या अंगाला गावाची हगणदारी. चिरलेल्या कानाचं डुक्कर तिथंच तोंड खुपसून उभं होतं.

घरी आली तर ठमाबाई परातीत पीठ मळत होती. सारजाची पाच वर्षांची पोर साखरी परातीच्या काठाला चिकटलेलं ओलं पीठ बोटानं काढून चाटत होती. सारजानं पोरीच्या हातावर चापट मारली. रस्ताभर तिनं ठरवलं होतं, हळू विचारायचं, रात्री विचारायचं. पण तिला हळू कधी येत होतं?

"आत्याबाई, तुमच्या परसाकडंला पांढऱ्या पट्ट्या पडत्यात का?"

म्हातारीचे हात पिठात थांबले. मग ते पिठातच राहिले आणि तोंड सुटलं. हिला भाकरी थापायला शिकवली ती ह्याच हातांनी. हिचं बाळंतपण केलं ते ह्याच हातांनी. सटवीला आता त्या हातात किडे दिसायला लागले. "माज्या हातचं खाऊन सोपान ह्येवढा वाढला. आन तू मला इचारतीस?"

सोपान मध्ये पडला, आई, डाक्टरनं विचारायला लावलं. म्हातारीनं त्याच्याकडं बघितलं नाही. तिनं भाकरी थापली, तव्यावर टाकली, फुगली, सगळं झालं. पण सारजाच्या ध्यानात एक गोष्ट राहिली. म्हातारी इतकं बोलली, त्यात ‘न्हाय’ म्हणाली नाही. आणि दुसऱ्या दिवसापासनं ती परसाकडला एकटीच जायला लागली, पार फाट्याच्या मोरीपलीकडं.

त्यानंतर रोज सकाळी सारजा सोपानला गोळी द्यायची, तोंड उघडायला लावून गिळली का बघायची, आणि कामाला लागायची.

पहिलं काम खोपटामागं चर खणण्याचं. कंबरभर खोल, वर दोन फळ्या. घरातल्या माणसानं इथंच बसायचं आणि वर माती लोटायची. सोपान बसला, साखरी बसली. ठमाबाई मोरीपलीकडंच जायची. दुसरं काम कुडाचं. त्यांची डुकरीण नुकतीच व्यायलेली होती, पिलं अजून दुधावर होती. सारजानं ठरवलं, ही पिलं हगणदारीचं तोंड बघणार नाहीत. कालव्याच्या कडेनं निरगुडी उभी होती. कोयतीनं फोका तोडायच्या, मोळी डोक्यावर आणायची, खुंट ठोकायचे आणि पाटी विणतात तशीच भिंत विणायची, एक आत एक बाहेर. पाटीला बारीक फोक लागते, कुडाला जाड. जाड फोक वाकवताना तळहात सोलून निघायचे. सोपानला गोळीनं गुंगी यायची. तो खुंटाला टेकून बसायचा आणि बसल्या बसल्या फोका तासून द्यायचा. कधी तासता तासता डोळा लागायचा, तेव्हा सारजा त्याच्या हातातली कोयती हळूच काढून बाजूला ठेवायची.

वस्तीला हसायला बरं झालं. शेजारची चंद्राबाई पाणी घेऊन जाताना रोज उभी राहायची. डुकराला माडी बांधली, आता पलंग कधी आणणार, असं विचारायची. एकदा म्हणाली, चोराची जात म्हणून आपल्याला पोलीसपाटलाकडं हजेरी होती तेव्हा आपण कोंडलो गेलो, आता डुकरांची पाळी आली व्हय?

"तुजं डुक्कर काय खातंय ते बगून ये आदी," सारजा म्हणाली. "मग हस."

"डुक्कर काय खातंय? तेच्या बानं खाल्लं तेच."

"आन तेच आपून खातूया."

चंद्राबाईचं हसणं जरा वाकडं झालं. पण ती गेली ती हसतच गेली.

पण कोंडलेल्या डुकराला आयतं खायला कोण देणार? मोकळं डुक्कर स्वतःचं पोट भरतं, म्हणून तर गरीब माणूस डुक्कर पाळतो. सारजा मोहनरावांच्या बांधावर जाऊन उभी राहिली. किडकी वांगी, फुटकी टमाटी, मेथीची मुळं, जे फेकाल ते द्या, मी स्वतः गोळा करून नेते. मोहनरावांचा गडी म्हणाला, आता डुकरांसाठी पण वांगी मागायला लागली. मोहनरावांनी त्याला गप केलं, पण वांगी देताना ती जमिनीवर लांब ओतली, तिच्या पाटीत नाही. ती वाकून एकेक वेचत होती. वेचता वेचता तिनं मान वर न करता सांगितलं, तुमची कोथिंबीर हगणदारीच्या ओघळाखाली येते. डाक्टर म्हणाला, ती धुतल्याशिवाय कुणी खाऊ नये.

मोहनरावांचं तोंड उतरलं. डुकरं तुमची, आणि घाण आमच्या मालाला लावतेस?

"डुकरं आमची. पर ती खात्यात ते कुणाचं, मालक? आमच्या वस्तीत माणसं किती, आन तुमच्या गावात किती?"

गडी पुढं आला. ती पाटी उचलून निघाली. वाटेत तिला वाटलं, आता उद्यापासनं वांगी बंद. पण दुसऱ्या दिवशी किडकी वांगी बांधावर होती, आणि आठ-दहा दिवसांत कोथिंबिरीच्या वाफ्याच्या वरल्या अंगाला गड्यांनी ओघळ वळवून टाकलेला दिसला.

देवीच्या डुकराचा तिनं एकदा प्रयत्न करून बघितला. ते कुडाजवळ वांग्यांच्या वासानं आलं, तेव्हा दावं घेऊन उठली. ठमाबाई खोपटातनं धावत आली आणि डुकराच्या आणि तिच्या मध्ये जमिनीवर आडवी झाली. तिचं लुगडं मातीत, पांढरे केस मातीत. "आदी मला बांद," म्हणाली. सारजा दावं हातात घेऊन उभी राहिली. डुक्कर वांगी खाऊन निवांत हगणदारीकडं निघून गेलं.

थंडी सरली, ऊस तुटला, फाट्याचं पाणी बंद झालं आणि निरगुडीचा पाला करपला. सोपानला त्या सबंध काळात एकदाच बारीक झटका आला. त्याच्या दंडाला मांस धरलं. कुडातली पिलं मोठी झाली, दोन नर चांगले अंगावर आले. त्यांतला एक बाजारात द्यायचा, एक पैदाशीला ठेवायचा, असं सारजाच्या मनात पक्कं होतं. त्या नरांवर वर्ष उभं होतं. ती त्यांचे कान कधी चिरू देणार नव्हती.

आणि मग चैत आला.

मरीआईचा ओटा लिंबाखाली. आजूबाजूच्या गावची कैकाड्यांची घरं जमली, चुली मांडल्या गेल्या, बाया लसूण सोलायला बसल्या. यल्लाप्पा तात्या जातीचा कारभारी, पांढरं पागोटं, हातात चांदीच्या कड्याची काठी. मानाचं डुक्कर त्याच्याच हातानं कापलं जायचं. ऊन असं होतं की लिंबाची सावली पण तापलेली वाटत होती. सोपानला नवसाचा म्हणून आंघोळ घालून ओल्या धोतरानं उन्हात उभा केला होता. त्या दिवशी सकाळी त्याला उठवणं, न्हाऊ घालणं सगळं ठमाबाईनं केलं. सारजा पिलांना पाणी द्यायला गेली होती.

देवीचं डुक्कर धरून आणलं. सोडलेलं असल्यानं ते माणसाला बुजत नव्हतं, स्वतःच्या पायानं ओट्यापर्यंत आलं. चौघांनी ते पाडलं. आता एक रीत असते. सुरी लागायच्या आधी ज्याचा नवस, त्यानं डुकराच्या जिभेवर गूळ ठेवायचा. म्हणजे गोड तोंडानं जातं. तात्यानं दोन्ही जबड्यांत काठी आडवी घातली आणि जीभ बाहेर ओढली. ठमाबाई गूळ घेऊन वाकली. तिच्या खांद्यावरनं सारजा बघत होती.

जिभेच्या खालच्या अंगाला, निळ्या शिरांच्या मधे, दाणे होते. एक-दोन नाहीत. पांढुरके, पाणी भरल्यासारखे, कातडीतनं वर आलेले. सारजाच्या अंगठ्याला ते न शिवताच ओळखू आले. सोपानला तेल लावताना असलेच दाणे तिनं कितीदा शिवलेले होते.

"थांबा तात्या," ती म्हणाली. "ह्येच्यात दाणं हायती."

तात्यानं वाकून बघितलं आणि त्याचा चेहरा फुलला. त्यानं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, देवीनं मान घेतला. जिभेखाली दाणा दिसला म्हणजे देवीनं पदर भरून दिला, हे त्याच्या आज्यापासनं चालत आलेलं. असलं डुक्कर नशिबानं मिळतं. दाण्याचा पहिला तुकडा नवसाच्या माणसाला, दुसरा घरातल्या पोराला, मग बाकीच्यांना, आणि तो शिजवायचा नाही, निखाऱ्यावर नुसता फिरवून हातावर द्यायचा. बाया कपाळाला हात लावायला लागल्या. कुणीतरी साखरीला पुढं ढकललं.

सारजानं पोरीला दंडाला धरून मागं ओढलं आणि स्वतः डुकराच्या आणि तात्याच्या मध्ये उभी राहिली. मग डॉक्टरनं सांगितलेला तो फेरा तिनं सगळ्यांसमोर सांगितला. पट्टीसारखा जंत, परसाकड, डुक्कर, दाणे, परत माणूस. आवाज चढला होता, पण एक शब्द खाल्ला नाही. सोपानला पुढं ओढून त्याचा दंड वर केला. बगा, हात लावून बगा, ह्येच्यात आन त्याच्यात फरक हाय का सांगा. माणसं मागं सरली. दंडाला हात लावायला कुणी आलं नाही.

तात्याचा पारा चढला. बाईमाणसानं ओट्यावर उभं राहून देवीच्या पदराला घाण म्हणायची, हे त्यानं ह्या जन्मात बघितलं नव्हतं. आजचा मान मोडला तर सोपानचं घर जातीबाहेर, पाणी बंद, पोरीच्या लग्नाला ह्यातलं एक माणूस येणार नाही.

"नका येऊ," सारजा म्हणाली. "पर ह्यो तुकडा माझ्या पोरीच्या तोंडात जायाचा न्हाय. तुमच्या बी पोरांच्या."

तेवढ्यात मागं धप्प आवाज झाला. सोपान पडला होता. उन्हात, ओल्या धोतरानं, टाचा घासत, मान एका बाजूला फिरलेली. बाया ओरडल्या. तात्यानं हात वर केला.

"बगितलं? देवीनं आत्ताच्या आत्ता दावलं."

सारजा तोवर त्याच्याजवळ खाली बसली होती. तिनं त्याला कुशीवर केलं, डोक्याखाली पाय दिला, आणि मग मान वर करून सासूकडं बघितलं. हळू विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा हळू विचारलं असेल.

"आत्याबाई, सकाळी गोळी दिली व्हय?"

ठमाबाईच्या मुठीत गूळ होता. उपास होता, ती म्हणाली. आज देवीचा दिवस, आज देवी बघेल, म्हणून तिनं गोळी ठेवून दिली. बोलता बोलता तिची मूठ सुटली आणि गूळ मातीत पडला. ती सोपानजवळ बसली. त्याचा दंड थडथडत होता, तो धरायला तिनं हात घातला, आणि तिचा अंगठा त्या गाठीवर गेला. तिथंच राहिला. तिनं गाठ दाबली. सरकली. परत दाबली.

मग म्हातारी उठली. डुकराच्या जबड्यात अजून काठी आडवी होती. तिनं वाकून दोन बोटं त्याच्या जिभेखाली घातली आणि डोळे मिटून चाचपली, अंधारात भांड्यातली साखर का मीठ हे बोटानं बघावं तशी. बराच वेळ चाचपली. मागं चुली पेटलेल्या होत्या.

"नवस तुजा हाय ठमा," तात्या म्हणाला. "तूच बोल. मान द्यायचा का मोडायचा?"

ठमाबाईनं बोटं पदराला पुसली. परत पुसली.

"मान द्यायचा," ती म्हणाली. "ह्ये देवीचं हाय ना तात्या? मग समदंच देवीचं. मुंडकं बी, मास बी, दाणं बी. माणसानं एक तुकडा उचलला तर ती देवीची चोरी. समदं हितंच पुरायचं, ओट्याम्होरं. ज्येनं बोललं त्येनं दिलं."

तात्याला हे उलटवता येईना. नवस बोलणाऱ्यानं सगळंच देवीला दिलं, तर कारभाऱ्यानं कमी द्या असं कसं म्हणायचं? त्यानं इकडं तिकडं बघितलं. मग जमलेल्या माणसांनी काय खायचं, एवढंच त्याच्या तोंडातनं निघालं. लांबलांबनं आलेत, चुली पेटल्यात.

माणसांना काय घालायचं, ते सगळ्यांच्या आधी सारजाला कळलं होतं. तिनं सासूला खाली बसवून सोपानचं डोकं तिच्या मांडीवर दिलं, उठली आणि वस्तीकडं चालायला लागली. कुडाचं दार तिनं स्वतः विणलं होतं, स्वतः सोडलं. दोन्ही नर तिच्या हाताला ओळखत होते, नाक पुढं करून आले. तिनं त्यांच्या पाठीवरनं हात फिरवला. राग आला तिला, इतका की डोळ्यात पाणी आलं, आणि राग कुणाचा ते कळेना. मग तिनं दावं लावलं आणि त्यांना ओट्यावर घेऊन आली.

"तोंड उघडून बगा," ती तात्याला म्हणाली. "दूध सुटल्यापासनं कुडात हायती."

तात्यानं काठी घातली, जीभ ओढली. खाली गुलाबी, सपाट, नुसत्या शिरा. दुसऱ्याचीही तशीच. चंद्राबाई वाकून बघत होती. तिच्या तोंडावर हसू नव्हतं.

ओट्यासमोर खड्डा खणायला सगळ्यात आधी सारजानं कुदळ घेतली. जमीन भाजून दगड झालेली होती. मग सोपानचा चुलता आला, मग आणखी दोघं. सोपान शुद्धीवर आला तेव्हा देवीचं डुक्कर कापून सगळंच्या सगळं खड्ड्यात गेलं होतं, आणि सारजा त्यावर कुत्र्यांनी उकरू नये म्हणून दगड रचत होती. त्यानं सरपटत येऊन एक दगड तिच्या हातात दिला.

तात्या जेवला नाही. पागोटं सारखं करून, काठी वाजवत, सोपानला परत झटका आला तर माझ्याकडं येऊ नका असं सांगून तो आपल्या वस्तीला निघून गेला. त्याच्याबरोबर दोन घरं उठून गेली. बाकीची बसली, आणि दोन्ही नर कापून चुलींवर चढले. सारजा चुलीचुलीवरनं हिंडली, झाकण उचलून मास बोटानं दाबून बघितलं, आतून लाल दिसलं की परत झाकण टाकलं. अजून शिजू द्या म्हणाली. भुकेली माणसं कुरकुरली, पण निखाऱ्यावरनं हातावर तुकडा घ्यायचं त्या दिवशी कुणाच्या मनात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडलं. सोपाननं आपणहून गोळी मागून घेतली, तोंड उघडून दाखवलं. कुडात आता डुकरीण आणि बारकी दोन पिलं तेवढी होती, आणि जाताना एका नरानं धडक देऊन खुंट उपटलेला होता. सारजा तो धोंड्यानं ठोकत होती. आत खोपटात परात वाजली नाही. तिनं डोकावून बघितलं. पिठाचं डबडं बाहेर काढलेलं, परात पालथी, आणि ठमाबाई चुलीपासनं लांब, उंबऱ्याजवळ बसलेली. दोन्ही हात मांडीवर उताणे, जणू दुसऱ्याचे हात कुणी ठेवायला दिलेत.

साखरी तिच्या मांडीवर चढायला गेली. म्हातारीनं तिला कोपरानं हलकेच बाजूला केलं.

"सारजे," ती म्हणाली. तिनं वर बघितलं नाही. "आजपासनं भाकरी तू थाप."

सारजानं धोंडा खाली ठेवला.

"आन मोहनरावाची गाडी कवा निघती ते इचार. मी मागंच बसंन."